भोजनालयाच्या मोरीचे पाणी आणि ग्रीस ट्रॅप: माप, बांधणी, सफाई

पांझराकाठ

नमस्कार मंडळी. धुळ्याच्या बाहेर महामार्गालगत आमचे लहान भोजनालय असून दोन्ही वेळची मिळून साधारण दोनशे ताटे होतात. शेवभाजी, डाळ-बट्टी आणि थंडीच्या दिवसांत भरीत-पुरी हे मुख्य पदार्थ असल्यामुळे मोरीचे पाणी किती तेलकट असते, हे खान्देशातील सभासदांना वेगळे सांगायला नको. हे पाणी आजवर संडासाच्या सेप्टिक टँकमध्ये आणि तेथून शोषखड्ड्यात जात होते. आता शोषखड्डा पाणी घेईनासा झाला असून मोरीची लाइनही वरचेवर तुंबते.

ग्रीस ट्रॅप, म्हणजे मोरीच्या पाण्यातील तेल-चरबी अडवणारे चेंबर, बसवायचा हे ठरले आहे, परंतु प्रत्येकाचा सल्ला वेगळा आहे. गवंडी दोन फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट खोल असे चेंबर पुरेल म्हणतो, दुकानदार बेसिनखाली ठेवायची स्टीलची पेटी दाखवतो, आणि तिसरे एक गृहस्थ म्हणतात की काहीही बांधू नका, जिवाणूंची पावडर टाकत राहा. मोरीत दोन नळ आणि भांडी बुडवून धुण्याची एक टाकी आहे. माप कसे काढावे, ट्रॅप कोठे बसवावा आणि निघालेल्या चरबीचे पुढे काय करावे, याविषयी जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

उताराचे गणित

पांझराकाठ, आपल्या शेवभाजीवर तर्री वर येऊन थांबते, तेच काम ट्रॅपने पाण्यात करायचे असते. तेल पाण्यापेक्षा सुमारे आठ ते दहा टक्के हलके असते, त्यामुळे पाणी संथ झाले की ते वर चढते, अन्नाचे कण तळाशी बसतात आणि मधल्या थरातील त्यातल्या त्यात स्वच्छ पाणी पुढे काढता येते. ट्रॅपमध्ये यापेक्षा अधिक काही घडत नाही. तेथे कोणतीही गाळणी तेल पकडत नाही. तेल पकडतो तो वेळ. म्हणून माप ठरवताना ताटांची संख्या विचारण्याआधी, सर्वांत गर्दीच्या वेळी मिनिटाला किती लिटर पाणी येते, हे विचारावे.

ते मोजणे सोपे आहे. पंधरा लिटरची बादली नळाखाली धरून ती भरायला किती सेकंद लागतात ते पाहा, आणि टाकी पूर्ण भरून बूच काढल्यावर ती रिकामी व्हायला किती वेळ लागतो तेही पाहा. उदाहरणादाखल, दोन नळ प्रत्येकी मिनिटाला १२ लिटर देत असतील, आणि ६० सेंटिमीटर लांब, ४५ रुंद व ३० खोल अशी टाकी, म्हणजे ८१ लिटर, दोन मिनिटांत रिकामी होत असेल, तर सर्व एकाच वेळी चालू असताना मिनिटाला सुमारे ६५ लिटर पाणी येईल. बांधीव ट्रॅपमध्ये पाणी किमान वीस ते तीस मिनिटे थांबावे, असा प्रचलित ठोकताळा आहे. वीस मिनिटे धरली तरी १३०० लिटर होतात. लांबी १.८ मीटर, रुंदी ०.८ मीटर आणि पाण्याची खोली ०.९ मीटर ठेवली की हे माप बसते. पाण्याच्या वर साधारण ३० सेंटिमीटर मोकळी जागा मात्र ठेवावी. गवंड्याने सांगितलेल्या चेंबरमध्ये जेमतेम सव्वादोनशे लिटर पाणी मावते, म्हणजे या हिशेबाने पाणी साडेतीन मिनिटांत पुढे निघून जाईल. तेवढ्या वेळात मोठे थेंब वर येतील, बारीक थेंब येणार नाहीत. थेंबाचा व्यास निम्मा झाला की त्याचा वर चढण्याचा वेग चौथाईवर येतो, आणि भांड्यांचा साबण नेमके तेच करतो: तेलाचे थेंब फोडून बारीक करतो.

भुसावळकर

एक शंका आहे. युरोपातील ईएन १८२५ या मानकाप्रमाणे हिशेब केला, तर माप बरेच लहान येते. मिनिटाला ६५ लिटर म्हणजे सेकंदाला सुमारे १.१ लिटर. पाणी ६० अंशांहून गरम येत असेल तर १.३ ने गुणायचे, साबण वापरला जात असेल तर पुन्हा १.३ ने, म्हणजे १.८६, पुढचे माप २. त्या मानकात मापाच्या दर एककाला किमान २४० लिटरचा विलगीकरण कप्पा आणि १०० लिटरचा गाळाचा कप्पा लागतो. एकूण ६८० लिटर झाले. मग १३०० लिटर कशासाठी?

उताराचे गणित

भुसावळकर, आपला हिशेब बरोबर आहे. मात्र ते मानक कारखान्यात तयार झालेल्या आणि चाचणी घेतलेल्या विभाजकांसाठी, म्हणजे तयार ग्रीस ट्रॅपसाठी, आहे. त्यात पाणी आत येताना शांत करण्याची रचना असते, आणि मुख्य म्हणजे तो शक्यतो दर पंधरा दिवसांनी व कमीत कमी महिन्यातून एकदा रिकामा करावा, अशी त्याच मानकाच्या दुसऱ्या भागात अपेक्षा आहे. विटांच्या चेंबरमध्ये प्रवाह इतका शिस्तीत वाहत नाही आणि सफाई लांबणीवर पडते, म्हणून मी मोठे माप सांगितले. वेळेवर सफाई होणारच असेल आणि चांगला तयार विभाजक मिळत असेल, तर सातशे लिटरचा घेण्यास माझी हरकत नाही. याउलट, भीतीपोटी तीन-चार हजार लिटरचा हौद बांधू नये. त्यात पाणी दिवसभर साचून सडते, सडक्या अंड्यासारखी दुर्गंधी सुटते, आणि त्या वायूपासून झाकणाखालच्या ओल्या काँक्रीटवर जिवाणू गंधकाम्ल तयार करतात, जे स्लॅब खाऊन टाकते.

बेसिनखालची स्टीलची पेटी एका बेसिनच्या चहा-नाश्त्याच्या गाडीला किंवा घरगुती डबेवाल्यांना ठीक आहे. ती दोन-तीन दिवसांनी, तळण असेल तर रोज उघडावी लागते.

पाइप आणि पाना

माप कितीही अचूक असले तरी टी (इंग्रजी T आकाराचा पाइपचा जोड) चुकीचा बसवला की सगळे वाया जाते, म्हणून बांधणीविषयी थोडे लिहितो. येणारा आणि जाणारा, दोन्ही पाइप ११० मिलिमीटरचे घ्यावेत आणि दोन्हींना आतून उभा टी लावावा. येणाऱ्या टीचे खालचे टोक पाण्याच्या पातळीखाली बुडालेले असावे, म्हणजे पाणी वरून धबधब्यासारखे पडून जमलेला थर ढवळणार नाही. जाणाऱ्या टीची खालची नळी पाण्यात खोलवर न्यावी. ९० सेंटिमीटर पाणी असेल तर पृष्ठभागापासून साधारण ६० सेंटिमीटर खाली, म्हणजे वरचे तेल आणि तळाचा गाळ दोन्ही टाळून मधले पाणी उचलले जाईल. दोन्ही टींची वरची तोंडे उघडी आणि पाण्याच्या वर ठेवावीत. बूच मारून बंद केली तर सळई घालता येत नाही, आणि जाणाऱ्या टीत हवा न गेल्यामुळे सायफन होऊन ट्रॅपमधले पाणी तेलासकट ओढले जाते. येणारा पाइप जाणाऱ्यापेक्षा पाच ते सात सेंटिमीटर उंच असावा.

मध्ये एक आडभिंत घालून दोन कप्पे करावेत, पहिला सुमारे दोन तृतीयांश आणि दुसरा एक तृतीयांश. भिंत पाण्याच्या वर यावी आणि तिच्यातील वाट खालच्या अंगाला असावी, पण अगदी तळाशी नसावी. दोन्ही कप्प्यांवर स्वतंत्र झाकणे हवीत. एकाच कोपऱ्यात एक झाकण ठेवून बाकी सगळे स्लॅबखाली बुजवलेले ट्रॅप मी पुष्कळ पाहिले आहेत. असा ट्रॅप पहिल्याच वर्षी निकामी होतो, कारण हात जेथे पोचत नाही तेथली चरबी कोणी काढत नाही.

आता आपल्या काळ्या मातीविषयी. ती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, त्यामुळे काळ्या मातीत थेट बांधलेल्या विटांच्या चेंबरला तडे जातात. खाली खडीचा थर व त्यावर चांगले काँक्रीट घालावे आणि बाजूने खोदलेली माती परत न भरता मुरूम भरावा. प्लॅस्टिकची टाकी बसवणार असाल तर बाजूला मुरूम भरताना आत बरोबरीने पाणी भरत जावे, नाहीतर भिंती आत दबतात; आणि पावसाळ्यात जमिनीतील पाणी वर येते अशा ठिकाणी ती कधीही पूर्ण रिकामी करून तशीच ठेवू नये, कारण रिकामी टाकी तरंगून पाइप उखडते. आपले भोजनालय महामार्गावर आहे, तेव्हा झाकणावर ट्रक येणार नाही अशीच जागा निवडा. चालक सावली पाहून गाडी उभी करतो, झाकण पाहून नाही.

पांझराकाठ

स्वयंपाकघरापासून किती अंतरावर ठेवावा? एक मोकळी जागा अगदी मोरीच्या मागे आहे आणि दुसरी परसात, बरीच लांब आहे.

उताराचे गणित

मोरीच्या मागची जागा घ्यावी. पाणी थंड होण्यासाठी थोडे अंतर चांगले, असे पुस्तकात म्हटलेले असते आणि ते खरेही आहे. परंतु वनस्पती तुपाचा वितळणबिंदू ३१ ते ४१ अंशांच्या दरम्यान असतो, त्यामुळे लांबच्या पाइपमध्ये ते ट्रॅपपर्यंत पोचण्याआधीच गोठते आणि तुमची तुंबलेली लाइन हे बहुधा त्याचेच फळ आहे. पाइपला पन्नासास एक इतका उतार द्यावा आणि वळणे काटकोनात न घेता दोन अर्ध्या (४५ अंशांच्या) बेंडांनी घ्यावीत. उकळते पाणी, उदाहरणार्थ बट्टी वाफवलेले किंवा भांडी निर्जंतुक केलेले, पातेल्यातच निवू द्यावे. ट्रॅपवर सावली असेल तर फारच चांगले. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत ट्रॅपमधला थर पातळच राहतो आणि डिसेंबरात त्याची वडी धरते, हे सफाई करणाऱ्याने ध्यानात ठेवावे: उन्हाळ्यात सपाट डावाने निथळून घ्यावा लागतो, हिवाळ्यात थापीने कापून उचलता येतो.

आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे संडासाची लाइन किंवा छपराचे पावसाचे पाणी ट्रॅपमध्ये कधीही सोडू नये. पावसाच्या एका सरीत साठलेली सगळी चरबी पुढे वाहून जाते.

डबा आणि भाकरी

मी जळगावात विद्यार्थ्यांची मेस चालवते. तुम्ही सर्वांनी टाकीचे लिहिले, पण टाकीच्या आधीचे राहिले, म्हणून लिहिते. आमच्याकडे ताट मोरीत जाण्याआधी दोनदा रिकामे होते. खरकटे बादलीत, आणि मग ताटाला उरलेले तेल रबरी पट्टीने किंवा रद्दी कागदाने पुसून कागद कचऱ्यात. भरिताची कढई आणि भाजीचे पातेले तर पुसल्याशिवाय पाण्याला लावायचेच नाही. मोरीच्या तोंडाशी बारीक जाळीची टोपली आहे, ती प्रत्येक पंगतीनंतर झटकली जाते. हे सुरू केल्यापासून ट्रॅपमधली चरबी स्पष्ट कमी झाली. शेव आणि डाळ पाण्यात विरघळल्यासारखी दिसते, पण ती तळाशी चिखल होऊन बसते आणि वास तिचाच जास्त येतो. भांडी राखेने घासत असाल तर राखही तळाशीच जाते.

तळणाचे उरलेले तेल मोरीत ओतणे हा तर निव्वळ तोटा आहे, कारण त्याचे पैसे मिळतात. एफएसएसएआय या केंद्रीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या नियमाप्रमाणे १ जुलै २०१८ पासून एकूण ध्रुवीय घटक (तेल पुन्हा पुन्हा तापवल्याने वाढणारे घटक) २५ टक्क्यांच्या वर गेलेले तेल खाण्यासाठी वापरता येत नाही. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सुरू झालेल्या रुको या उपक्रमातून असे तेल बायोडिझेलसाठी गोळा केले जाते, आणि दिवसाला ५० लिटरांपेक्षा जास्त तेल तळणासाठी वापरणाऱ्यांना त्याची नोंद ठेवावी लागते. घ्यायला येणारा माणूस तेल कोठे नेतो हे मात्र विचारून घ्या. तेच तेल गाळून एखाद्या वड्याच्या गाडीवर परत येऊ नये.

पांझराकाठ

ताई, कागदाने पुसण्याची गोष्ट आजपासूनच सुरू करतो. जिवाणूंच्या पावडरीविषयी मात्र कोणीच बोलले नाही.

पाइप आणि पाना

पावडरवाल्याला एवढेच विचारावे की चरबी गेली कुठे.

उताराचे गणित

थोडे खुलाशाने सांगतो. साबण, गरम पाणी, कॉस्टिक सोडा आणि बाजारातील बरीच विकरे (एन्झाइम) चरबी नष्ट करत नाहीत, तिला पातळ किंवा बारीक करून ट्रॅपच्या बाहेर ढकलतात. बाहेर गेल्यावर पाणी निवते आणि ती पुन्हा जमते. त्यात आपल्याकडचे बोअरचे पाणी अनेक ठिकाणी जड आहे. चरबीतून सुटलेली मेदाम्ले (फॅटी ॲसिड) आणि पाण्यातील कॅल्शियम यांचा संयोग झाला की न विरघळणारा कॅल्शियमचा साबण तयार होतो, आणि तो पाइपच्या आत चुन्यासारखा कडक बसतो. लंडनच्या व्हाइटचॅपल भागात २०१७ साली गटारात सापडलेला सुमारे २५० मीटर लांबीचा आणि १३० टन वजनाचा चरबीचा गोळा अशाच प्रक्रियेतून, त्यात ओले पुसण्याचे कागद अडकून, तयार झाला होता. जिवंत जिवाणू चरबी खरोखर पचवू शकतात, नाही असे नाही, पण त्यांना दिवस लागतात आणि ट्रॅपमध्ये पाणी थांबते अर्धा तास. पावडर सफाईची जागा घेऊ शकत नाही.

भुसावळकर

सफाई नेमकी केव्हा करावी, याचा काही निकष आहे का? आमच्याकडील एका उपाहारगृहात झाकणातून चरबी वर आल्याशिवाय कोणी पाहतच नाही.

उताराचे गणित

निकष असा की वरची चरबी आणि तळाचा गाळ यांची जाडी मिळून पाण्याच्या एकूण खोलीच्या चौथाईवर आली की ट्रॅप रिकामा करावा. ९० सेंटिमीटर खोली असेल तर दोन्ही मिळून सुमारे २२ सेंटिमीटर. मोजण्यासाठी एका काठीच्या टोकाला छोटी आडवी पट्टी ठोकावी. ती थरातून खाली घालून हळूच वर ओढली की पट्टी चरबीच्या खालच्या बाजूला अडकते, तेथे खूण करावी. दुसऱ्या काठीला खालून पांढरे फडके गुंडाळून ती तळापर्यंत नेऊन थोडी थांबवावी. फडक्यावर गाळाची काळी रेघ उमटते. सुरुवातीला दर आठवड्याला मोजून वहीत लिहावे. दोन-अडीच महिन्यांत आपल्या स्वयंपाकाचा वेग कळतो आणि मग तारीख ठरवता येते. भरिताच्या हंगामात ती तारीख अलीकडे घ्यावी लागेल.

सफाई पहाटे, चूल पेटण्यापूर्वी करावी, कारण रात्रभरात पाणी निवून थर स्वच्छ वेगळा झालेला असतो. आधी चरबी काढून झाकणाच्या पिंपात भरावी, मग पाणी व गाळ पंपाने उपसावा, भिंती आणि दोन्ही टी खरवडावेत. त्यानंतर ट्रॅप स्वच्छ पाण्याने जाणाऱ्या पाइपच्या पातळीपर्यंत भरल्याशिवाय मोरी सुरू करू नये. ही पायरी बहुतेक ठिकाणी गाळली जाते. रिकाम्या ट्रॅपमध्ये पाणी हळूहळू चढत असताना त्यावरचे तेल टीच्या खालच्या तोंडातून थेट पुढे निघून जाते.

माणूस आत उतरवू नये, हे ठळकपणे सांगतो. तळाच्या गाळातून हायड्रोजन सल्फाइड सुटतो. त्याचा वास आधी तीव्र येतो आणि प्रमाण वाढले की नाकाला कळेनासा होतो. मलकुंड आणि गटारांच्या धोकादायक सफाईसाठी माणूस उतरवण्यास २०१३ च्या कायद्याने बंदी आहे. तुमचे चेंबर त्या व्याख्येत बसते की नाही यावर वाद घालत बसण्यापेक्षा, सगळे काम वरून लांब दांड्याच्या अवजाराने होईल इतकीच खोली ठेवावी. ९० सेंटिमीटर पाणी मी त्याही कारणाने सुचवले.

केळीबाग

आमच्या रावेर-यावल पट्ट्यात एक-दोन ढाबेवाले ही चरबी शेजारच्या केळीच्या बागेत ओततात, खत म्हणून. ते योग्य आहे का? आणि गोबर गॅसमध्ये घातली तर चालते का?

उताराचे गणित

बागेत ओतू नये. चरबी मातीच्या कणांवर बसून पाणी मुरू देत नाही आणि मुळांजवळची हवा कोंडते. गोबर गॅसमध्ये चालते, किंबहुना चरबीपासून शेणापेक्षा पुष्कळ जास्त गॅस मिळतो. परंतु एकदम घातली तर लांब साखळीची मेदाम्ले मिथेन तयार करणाऱ्या जिवाणूंना मारक ठरतात आणि संयंत्र आंबते. रोजच्या शेणात अगदी थोडी कालवून सुरुवात करावी आणि गॅस कमी झाला की थांबावे. ते शक्य नसेल तर चरबी निथळून लाकडाच्या भुशात किंवा कोरड्या पाचटात मिसळून, घट्ट करून कचरा उचलणाऱ्या यंत्रणेकडे द्यावी. ट्रॅपमधली चरबी जनावरांना खाऊ घालणे किंवा साबणासाठी कोणा अनोळखी माणसाला विकणे टाळावे.

पांझराकाठ

जुन्या शोषखड्ड्यात ॲसिड टाकले तर तो पुन्हा पाणी घेईल का? ट्रॅपनंतरचे पाणी कोठे सोडावे?

पाइप आणि पाना

ॲसिडने तो खड्डा सुटणार नाही. तेलकट साका खड्ड्याच्या भिंतींत मुरलेला आहे आणि काळी माती तशीही पाणी सावकाश घेते. मोरीचे पाणी संडासाच्या टाकीपासून कायमचे वेगळे करा, ट्रॅपनंतर एक लहान तपासणी चेंबर ठेवा, म्हणजे पुढे जाणारे पाणी डोळ्यांनी दिसेल, आणि तेथून खडी-वाळूचा उथळ वाफा करून त्यात कर्दळ लावा. वाफ्याच्या तोंडाशी चकाकी दिसू लागली की ट्रॅप भरला असे समजावे.

उताराचे गणित

पर्यावरण संरक्षण नियमांतील सर्वसाधारण मानकांप्रमाणे तेल व ग्रीसची मर्यादा सार्वजनिक भुयारी गटारासाठी लिटरला २० मिलिग्रॅम आणि नदी-नाल्यात किंवा सिंचनासाठी जमिनीवर सोडायचे असेल तर १० मिलिग्रॅम आहे. नुसत्या गुरुत्वाकर्षणावर चालणाऱ्या ट्रॅपने, विशेषतः साबण जास्त असेल तर, १० पर्यंत पोचणे अवघड असते. म्हणून कर्दळीचा वाफा हवाच, आणि पाणी थेट पांझरा नदीकडे जाणाऱ्या नाल्यात सोडण्याचा विचार मनातून काढून टाकावा.

पंगत

आमचे मंगल कार्यालय अमळनेरजवळ आहे. लग्नाच्या तिथीला हजार-दीड हजार माणसांची पंगत आणि मग दोन-दोन आठवडे काहीच नाही. आम्ही कोणता हिशेब धरावा?

उताराचे गणित

वर्षाची सरासरी काढू नका. मोठ्या तिथीला भांडी धुण्याच्या सर्वांत गर्दीच्या तासाचा प्रवाह धरा. तो फारच मोठा येत असेल, तर ट्रॅप वाढवण्याआधी भांडी घासण्याच्या टाक्यांच्या तोंडाला लहान व्यासाचा बूच-पाइप बसवून पाणी सावकाश सोडा. प्रवाह निम्मा झाला की लागणारे मापही निम्मे होते. आचारी बाहेरचा असतो आणि उरलेले तेल जाताना मोरीत ओतून जातो, तेव्हा त्याच्याशी ठरवतानाच तेलाचे रिकामे डबे मोजून परत देण्याची अट घाला. शेवटच्या पंगतीनंतर दुसऱ्या दिवशी सकाळी ट्रॅप उपसून, स्वच्छ पाण्याने भरून झाकण लावा. भरलेला ट्रॅप पुढच्या तिथीपर्यंत तसाच ठेवला तर वऱ्हाडी मंडपात येण्याआधी वास येईल.

पंगत

बूच-पाइपची कल्पना कमी खर्चाची आहे, ती आधी करून पाहतो. टाक्या चार आहेत. चारही एकदम सोडायच्या नाहीत, असा फलकही मोरीत लावतो.